पाची बोटं उघडी

जिंजीचा किल्ला घ्यायला मुघलांच्या झुल्फिकारखानाला जवळजवळ आठ वर्षं लागली. चेन्नईतल्या आमच्या मराठी मंडळींचा वेढा त्याहून जुना आहे. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर कुणीतरी म्हणतं, "यंदा जिंजीला जायचंच!" सगळे माना डोलावतात. एक जण चकलीचा तुकडा हातात धरून राजाराम महाराजांवर बोलतो, दुसरा 1677 साली शिवाजी महाराजांनी किल्ला कसा घेतला ते सांगतो, आणि चहा आला की वेढा उठतो. 2025च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. त्यातले अकरा महाराष्ट्रात आणि बारावा हा आमच्या अंगणातला. आता लाजेकाजेस्तव तरी निघावं लागणार अशी चिन्हं दिसू लागली, तेवढ्यात खजिनदारांनी डिझेलचा हिशेब मांडला.

"जिंजी एकशे साठ किलोमीटर. जाऊन येऊन तीनशेवीस. शिवाय टोल, ड्रायव्हरचा भत्ता. एवढं करून बघायचं काय, तर एक गाव आणि वर चढायचं ते वेगळंच. त्यापेक्षा कांचीपुरम, उत्तिरमेरूर, तिरुकळुकुंड्रम, महाबलिपुरम. एका फेरीत चार गावं, अडीचशे किलोमीटरच्या आत. डोई नऊशे."

म्हणजे गाव सव्वादोनशेला पडत होतं. इतक्या स्वस्तात गाव पेशव्यांनाही पडलं नव्हतं. ठराव मंजूर झाला.

खजिनदार म्हणजे आमच्या बारा-पंधरा घरांच्या गणपतीचे खजिनदार. गेली सहा वर्षं वर्गणी तेच गोळा करतात आणि गेली सहा वर्षं हिशेब तयार आहे. "हिशेब तयारच आहे हो, फक्त एक बिल यायचंय," असं ते इतक्या प्रसन्न चेहऱ्याने सांगतात की विचारणाऱ्यालाच आपण काहीतरी अभद्र बोललो असं वाटतं. हिशेब तपासायला त्यांनी स्वतःच्या सख्ख्या मेहुण्यांना नेमलं आहे. घरची गोष्ट घरात.

सहलीला आम्ही बारा जण होतो. खजिनदार आणि वहिनी. सौकारपेठेतले गलाईवाले शेठ आणि त्यांच्या मंडळी. हे विट्याकडचे. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळाने घराबाहेर काढलेली माणसं भारतभर सोनं-चांदी गाळत बसली आहेत, त्यांतले हे एक. तमिळ अस्खलित बोलतात आणि मराठीत अजून विट्याची धूळ आहे. मग मैलापूरचे राव, बँकेतून निवृत्त. त्यांचं मराठी सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर तंजावरला उतरलं आणि तेव्हापासून त्याची डागडुजी झालेली नाही. घरी मेतकूट होतं, डांगर पच्चडी होते, पण पुणं त्यांनी एकदाच पाहिलं आणि तिथल्या लोकांच्या मराठीत फार हिंदी शिरलंय असं मत घेऊन परतले. मग लेकीकडे मुक्कामाला आलेले काका आणि काकू, ती लेक, जावई आणि पाच वर्षांचा नातू. काकांची सगळी नोकरी खुलताबादला, शाळामास्तर म्हणून. वेरूळ तिथून हाकेवर. त्यामुळे जगातला कुठलाही दगड दाखवला की काका तो वेरूळच्या काट्यावर तोलून बघतात. शिवाय मी आणि बायको.

निघायचं सहाला ठरलं होतं. पोंगल होऊन आठवडा झालेला, जानेवारीतला रविवार. चेन्नईत सहाला दूध येऊन, पेपर येऊन, दारापुढचं कोलमही काढून झालेलं असतं. अशा शहरात बावीस वर्षं राहूनही आमच्या मंडळींचं घड्याळ पाच-दहाच्या लोकलवर लावलेलंच नाही. बारा आसनी गाडी आधी ओएमआरला काकांच्या लेकीकडे गेली, मग मैलापूरला, मग सौकारपेठेच्या बोळाच्या तोंडाशी अर्धा तास थांबली, कारण शेठच्या मंडळींनी दशम्यांचा डबा घरी विसरला होता. नंतर अण्णानगर. सहलीत चार गावं होती, पण पहिलं गाव चेन्नईच निघालं. पूनमल्लीच्या पुढे बंगळूरच्या हमरस्त्याला लागलो तेव्हा पावणेनऊ झाले होते आणि गाडीतला एसी बंद पडला होता.

"अण्णा, एसी?" काकूंनी ड्रायव्हरला विचारलं.

अण्णा हसून म्हणाले, "परवा इल्लै."

"परवा?" काकू उखडल्या. "परवा काय करायचाय? मला आत्ता उकडतंय!"

परवा इल्लै म्हणजे हरकत नाही, चालायचंच, असं रावांनी समजावलं. काकूंना ते पटलं नाही. ज्या माणसाची गाडी बिघडलीय तोच हरकत नाही म्हणतो हे कुठलं शास्त्र? पण पुढे दिवसभर त्यांना काही नकोसं झालं की त्या "परवा, परवा" म्हणू लागल्या, आणि अण्णांना वाटलं आजींना आपली भाषा चटकन येते.

श्रीपेरुंबुदूर आलं आणि गेलं. रामानुजाचार्यांचं जन्मगाव. आता तिथे मोटारी आणि मोबाइल तयार होतात. एसी दुरुस्त करणारा मात्र दिसला नाही.

कांचीच्या कैलासनाथाला पोचायला साडेदहा झाले. हे देऊळ गावाच्या पश्चिम टोकाला, बऱ्यापैकी निवांत. आठव्या शतकाच्या सुरुवातीला पल्लव राजा राजसिंहाने बांधलेलं. पिवळसर वालुकाश्म, खांबाखांबाला मागच्या पायांवर उभे राहिलेले सिंह, आणि अंगणाच्या चारी बाजूंनी ओळीने छोट्या छोट्या देवळ्या, अठ्ठावन्न. काही देवळ्यांत जुन्या रंगचित्रांचे कपटे अजून भिंतीला धरून आहेत. एका कोनाड्यात तर नुसता एक गाल आणि अर्धा डोळा उरलाय, आणि तेवढ्यावरूनही बाई सुंदर होती हे कळतं.

काका म्हणाले, "वा!"

लगेच फाटकाजवळचा एक गाइड धावत आला.

"नको, नको," काका म्हणाले. तो गेला. काका पुढच्या देवळीशी गेले. "वा! वा!" आता मोगऱ्याचे गजरे विकणारी एक पोर आली. काकांनी तिला वाटेला लावलं आणि दक्षिणामूर्तीपुढे उभं राहून मनापासून, डोळे मिटून, तिसऱ्यांदा "वा!" म्हटलं. डोळे उघडले तर समोर शेळी.

"तमिळमध्ये वा म्हणजे ये," राव म्हणाले. "तुम्ही मघापासून सर्वांस बोलावताहात."

काका त्यानंतर "छान" म्हणू लागले. पण जी दाद तोंडात बसलेली असते ती बदलली की कौतुकही निम्मं होतं. त्यामुळे असेल किंवा शेळीमुळे असेल, पाच मिनिटांत त्यांनी निकाल दिला. "ठीक आहे. पण आमच्या कैलासापुढे काहीच नाही. आमचा अख्खा डोंगर कोरलाय, वरून खाली. हे काय, दगडावर दगड."

राव सावकाश माणूस. त्यांनी काकांना मंडपातल्या एका खांबाशी नेलं. त्यावर अक्षरं होती. "ही कानडी आहे. बदामीच्या दुसऱ्या विक्रमादित्याची. शंभर वर्षांपूर्वी पल्लवांनी वातापी घेतली होती, त्याचा वचपा काढायला तो आला. कांची जिंकली. जिंकून आत आला, हे देऊळ पाहिलं, आणि देवाचं धन देवाला परत देऊन गेला. तसं इथं लिहून ठेवलंय. मग त्याच्या राणीने, लोकमहादेवीने, त्या विजयाचं म्हणून पट्टदकलला देऊळ बांधलं, ते याच्यावरून. तेच विरूपाक्ष. आणि राष्ट्रकूटांच्या कृष्णराजाने वेरूळचा कैलास कोरवला, तो त्या विरूपाक्षाच्या वळणावर."

काका बघतच राहिले. एकदा शिखराकडे, एकदा खांबाकडे, एकदा शेळीकडे. चाळीस वर्षं ते पोरांना सांगत आले होते की असं काही जगात दुसरं नाही. आणि हे तर पहिलंच निघालं.

"म्हणजे हे आमच्या कैलासाचं आजोळ?" ते म्हणाले.

"साधारण तसंच."

काका बराच वेळ त्या अंगणात एकटेच फिरले. परत आले तेव्हा सावरले होते. "नात आजीपेक्षा थोराड निघते कधीकधी," एवढंच म्हणाले.

इकडे खजिनदार मोक्षाच्या मागे लागले होते. गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणेची एक अरुंद वाट आहे. भिंतीतल्या एका भोकातून रांगत आत शिरायचं, अंधारातून फिरायचं, आणि तशाच भोकातून सरपटत बाहेर यायचं. जो हे करतो त्याला पुनर्जन्म नाही अशी समजूत. जावई सळसळत गेला नि आला. नातू दोनदा गेला, म्हणजे पुढचे दोन जन्म चुकले. मग खजिनदार शिरले. शिरताना श्वास सोडून शिरले आणि आत गेल्यावर, माणूस करतोच, भरून श्वास घेतला. बाहेरच्या भोकातून आधी डोकं आलं, मग खांदे, मग सहलीचे पैसे ठेवलेला कमरेचा पाऊच आला आणि तिथे गाडी अडली.

"ओढा!" वहिनी ओरडल्या.

शेठनी दोन्ही दंड धरले, पण ओढले नाहीत. खाली वाकून शांतपणे विचारलं, "खजिनदार, सा वर्साचा हिशेब कुटं हाय वो?"

"आहे, तयार आहे! एक बिल यायचंय!"

"मग पडा हितंच."

पुजाऱ्याने येऊन खजिनदारांना थोडं तिरकं वळवलं आणि ते बाटलीच्या बुचासारखे सुटले. सदऱ्याचं एक बटण पल्लवांकडे राहिलं. आता पुढचा जन्म नाही, म्हणजे हिशेब द्यायचा तर याच जन्मात द्यावा लागणार, हे त्यांना बायकोने ऐकवलं. त्यांचा चेहरा मोक्ष मिळालेल्या माणसासारखा मुळीच दिसत नव्हता.

एवढं सगळं होऊन एकांबरनाथाला पोचलो तर सव्वाबारा. दार बंद. तमिळनाडूतली बहुतेक देवळं दुपारी बारा-साडेबाराला मिटतात आणि चारला उघडतात. हे आम्हा सगळ्यांना बावीस वर्षं माहीत आहे आणि दर वेळी आम्ही सव्वाबाराला पोचतो. कृष्णदेवरायाने 1509 साली उभारलेलं राजगोपुर मान मोडेपर्यंत बाहेरूनच पाहिलं. वरदराजाकडे गेलोच नाही. तिथे तळ्यात लाकडी अत्तिवरदर असतात, पाण्याखाली. चाळीस वर्षांनी एकदा बाहेर काढतात, अठ्ठेचाळीस दिवस दर्शन, आणि परत तळ्यात. 1979ला काढले, 2019ला काढले, आता 2059ला. राव हे भक्तिभावाने सांगत होते. मागच्या सीटवरून शेठ म्हणाले, "आमच्या गणपतीचा हिशेब बी तसाच. तळ्यात हाय. भाईर निघंल."

देव दुपारी विश्रांती घेतात, साड्या घेत नाहीत. बायकांनी हे आधीच हेरलेलं होतं. एकांबरनाथाच्या बंद दारापुढे त्यांच्या चेहऱ्यावर जी निराशा दिसली ती, मला आता वाटतं, थोडी घाईने उरकलेली होती. अण्णा म्हणाले, विणकराच्या घरी नेतो. घर चार मजली होतं, लिफ्ट होती, आणि दारात विणकराऐवजी गुलाबपाणी शिंपडणारी बाई उभी होती. एका कोपऱ्यात एक माग ठेवला होता, संग्रहालयात ठेवतात तसा. त्यामागे बसलेला म्हातारा मात्र खरा होता. रावांनी त्याला बोलतं केलं. कांजीवरमचं अंग आणि काठ वेगळ्या रंगाचे असतील तर ते नुसते विणत नाहीत, एकमेकांत गुंतवतात. त्याला 'कोरवै' म्हणतात. तीन धोटे लागतात आणि मागावर दोन माणसं, दुसरा बहुधा मुलगा किंवा पुतण्या. जोड एवढा घट्ट की जुनी साडी अंगात विरते, पण काठ सुटत नाही. रेशीम कर्नाटकातून येतं, जर सुरतेहून. "आणि गिऱ्हाईक महाराष्ट्रातून," जावई म्हणाला. तेव्हा त्याच्या सासूबाई पस्तिसावी साडी उलगडून बघत होत्या.

इथे शेठ कामाला आले. विक्रेत्याने "अस्सल सोन्याची जर" म्हणताच त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं, डोळ्याजवळ नेलं, दोन बोटांत चोळलं, आणि खिशातून काळा दगड काढला. कसोटी! माणूस सहलीला निघताना खिशात रुमाल घेतो, कंगवा घेतो. शेठ कसोटी घेऊन निघाले होते. विक्रेता पांढराफटक पडला. "सार, सार," करत त्याने पदर ओढला, शेठनी आपल्याकडे ओढला. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळायची आणि तिला सोन्याचं पाणी द्यायचं. स्वस्तातली असली की आत तांबं निघतं. शेठनी तमिळमध्ये जे सुनावलं ते मला सगळं समजलं नाही, पण भाव अकरा हजारांनी उतरला. मग दुकानातल्या इतर तीन अनोळखी गिऱ्हाइकांनीही आपापले पदर शेठपुढे धरले. अर्ध्या तासाने मालकाने स्वतः येऊन शेठना कॉफी पाजली आणि बाहेरच्या खुर्चीवर नेऊन बसवलं.

दीड तासात पाच साड्या झाल्या. डिझेल वाचवून नऊशेत बसवलेल्या सहलीत एकट्या माझ्या घरचं बिल एकतीस हजार. विक्रमादित्याने कांचीचं धन कांचीला परत केलं होतं. आमच्या मंडळींनी तेच केलं, फक्त खांबावर लिहून ठेवलं नाही.

जेवण केळीच्या पानावर. सांबारभात, रसमभात, ताकभात. तिसऱ्या भाताला काका गहिवरून म्हणाले, "पोळी नाही का मिळणार?" वाढप्याचा चेहरा उजळला. "पोळी? इरुक्कु सार!" आणि त्याने नारळाची, तुपाने थबथबलेली गोड पोळी आणून पानावर ठेवली. तमिळमध्ये पोळी म्हणजे पुरणपोळी, फार तर खोबऱ्याची. साधी पोळी ही पोळी असते हे इथे कुणाच्या गावीही नाही. काकांनी ती रसमबरोबर खाल्ली. सांगायचं कुणाला?

कांचीहून उत्तिरमेरूरचा रस्ता ताडांमधून आणि तळ्यांच्या बांधांवरून जातो. पोंगल नुकताच झालेला, शेतं कापून मोकळी. गाडीत दशम्यांचा वास आणि घोरणं. उत्तिरमेरूरला का जायचं हे रावांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. खजिनदारांनी ते यादीत घातलं होतं ते केवळ वाटेवर पडतं आणि तिकीट नाही म्हणून. पुढे त्यांना या काटकसरीचा फार पश्चात्ताप झाला.

वैकुंठ पेरुमाळचं देऊळ लहान. पण तिथल्या मंडपाच्या भिंतीला दगडावर दगड भरून अक्षरं आहेत. पहिल्या परांतक चोळाच्या काळातली, 920च्या आसपासची. गावच्या सभेने आपल्या समित्या कशा निवडायच्या त्याचे नियम. राव बँकेत असताना ऑडिटला या भागात येत आणि संध्याकाळी हे वाचत बसत. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक ओळ मराठीत आणायला सुरुवात केली.

उमेदवाराचं वय पस्तिसाच्या वर आणि सत्तरीच्या आत हवं. काका त्र्याहत्तर. बाद. लेक आणि जावई पस्तिशीच्या आतले. बाद. सारा भरणारी जमीन हवी आणि घर स्वतःच्या जागेवर हवं. मी भाड्याच्या घरात. बाद. खजिनदारांचा स्वतःचा फ्लॅट आहे, त्यावर वाद झाला. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट हा जमिनीवर म्हणायचा की हवेत?

"बायका?" वहिनींनी विचारलं.

"नाहीत. ही ब्राह्मणांची सभा होती. वेद येणाऱ्यांची. बाकी कुणाचं नावच नाही."

"मग कसली हो लोकशाही?" वहिनी म्हणाल्या आणि सावलीत जाऊन बसल्या. याला उत्तर नव्हतं. रावांनी द्यायचा प्रयत्नही केला नाही. तेवढ्यापुरता तो दगड थोडा लहान झाला.

पण पुढचं वाचताना रावांचा आवाज बदलला. "गेल्या तीन वर्षांत जो समितीवर होता, त्याला पुन्हा उभं राहता येणार नाही."

सगळे खजिनदारांकडे बघू लागले. ते छताकडे बघत होते.

"आणि समितीवर असताना ज्याने हिशेब दिला नाही..." राव थांबले. एवढा मोठा विराम मी रंगभूमीवरही पाहिलेला नाही. "...तो बाद. तो आणि त्याचे नातेवाईक. मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ. मामा. काका. भाऊ. सासरा. बायकोचा भाऊ..."

"मेहुणा!" शेठनी टाळी वाजवली. "ऑडिटर गेला!"

"...बहिणीचा नवरा, भाचा, जावई, बाप, मुलगा."

अकराशे वर्षांपूर्वी कुणीतरी आमच्या गणपतीचा बंदोबस्त करून ठेवला होता. तोही दगडात, म्हणजे खोडाखोडीची सोय नाही. खजिनदार म्हणाले, हे नियम चोळांच्या हद्दीपुरते आहेत. अण्णानगर चोळांच्या हद्दीत येतं, असं राव म्हणाले.

निवडणूक व्हायची ती चिठ्ठ्यांनी. तीस वॉर्ड. प्रत्येक लायक माणसाचं नाव ताडपत्राच्या तुकड्यावर लिहून कुंभात टाकायचं. सगळा गाव जमवायचा, लहानथोर सगळे. सर्वांत वडील पुजाऱ्याने कुंभ सर्वांना दिसेल असा वर धरायचा. आत काय आहे हे ज्याला कळत नाही अशा लहान पोराने चिठ्ठी काढायची. ती मध्यस्थाच्या हातावर द्यायची, आणि मध्यस्थाने ती घेताना पाची बोटं उघडी ठेवायची. तळहातात दुसरी चिठ्ठी लपवता येऊ नये म्हणून. हे ऐकून शेठ भिंतीजवळ गेले आणि त्या ओळीवर हात ठेवून उभे राहिले. त्यांचा सगळा धंदा उघड्या तळहाताचा. सोनं घेताना मूठ मिटली की इमान गेलं, असं ते म्हणतात. रावांनी त्यांना सांगितलं की बागेची, तळ्याची अशा समित्या होत्या, तशी एक सोन्याचीही होती. "मग बरोबर हाय," शेठ म्हणाले. "ह्येनी लई फसवणूक बगितल्याली दिसती. त्याबिगार यवडं सुचत न्हाई."

या सगळ्या अटी लावल्यावर आमच्या गाडीत लायक माणूस एकच उरला. अण्णा. वय बेचाळीस, चेंगलपट्टूजवळ स्वतःच्या जागेवर घर, आणि आजवर कुणाचा हिशेब बाकी नाही. वेद येत नाहीत, एवढंच.

चेंगलपट्टू ओलांडून तिरुकळुकुंड्रमच्या टेकडीखालून गेलो तेव्हा पाच वाजत आले होते. इथे रोज माध्यान्हीला दोन गिधाडं येत, पुजारी त्यांना भात भरवत, आणि ती पाहायला माणसं पाचशेवर पायऱ्या चढून जात. गेल्या शतकाच्या अखेरीला ती यायची बंद झाली. "रोज बाराच्या ठोक्याला?" काकूंनी विचारलं. "आणि ही मंडळी सहाच्या गाडीला पावणेनऊला." पायऱ्या चढायला कुणी तयार नव्हतं. चार गावांतलं तिसरं गाव खिडकीतून झालं.

महाबलिपुरमला पाच रथ आणि किनाऱ्याचं देऊळ संध्याकाळी सहाला बंद होतं. आम्ही सहा वाजून सात मिनिटांनी तिकीटखिडकीपुढे उभे होतो. खिडकीतल्या माणसाने हात हलवला. खजिनदारांना मनातून आनंद झालेला दिसला, तिकिटं वाचली होती. पण भर रस्त्यावरचा तो प्रचंड कोरीव कातळ, ज्याला कुणी अर्जुनाचं तप म्हणतं, कुणी गंगावतरण, त्याला ना तिकीट ना वेळ. दोन अजस्र शिळा, मधल्या भेगेतले नाग, जगातला सगळा प्राणिमात्र तिकडे धावतोय. आणि खाली, हत्तींच्या पायाशी, एक मांजर. दोन्ही हात वर जोडून, बरगड्या निघालेल्या, तपाला उभं. त्याच्या भोवती उंदीर विश्वासाने जमलेले.

आमच्यापैकी कुणीही काही बोललं नाही. शेठनी फक्त खजिनदारांच्या खांद्यावर हात ठेवला.

तिथल्या गर्दीत नातू हरवला. हरवला म्हणजे शंख-शिंपल्यांच्या दुकानापुढे थांबला आणि आपण एकटेच आहोत हे कळल्यावर त्याने गळा काढला. "आई! आई!" एका भल्या तमिळ बाईने त्याला उचललं आणि थेट सार्वजनिक स्वच्छतागृहाकडे धाव घेतली. इकडे लहान मुलं 'आय्' म्हणतात ती निराळ्याच निकडीची गोष्ट असते. पोर आणखी जोरात "आई!" ओरडतंय, बाई आणखी जोरात पळतेय, मागून आई पळतेय. शेवटी दारातच गाठ पडली. रावांनी खुलासा केला. ती बाई हसून हसून पायरीवर बसली, आणि मग पोराच्या खरोखरच लक्षात आलं की आलोच आहोत तर जाऊन यावं.

वाळूवर बसून दशम्या संपवल्या. समुद्राकडे कुंपणापलीकडे देवळाची दोन शिखरं काळी दिसत होती. डबा रिकामा झाला आणि शेठनी तो रुमालाने पुसून मध्ये ठेवला. "कुंब झाला. आता टाका चिठ्ठ्या. फुडल्या सहलीचा मुखत्यार ठरवू. आन फुडली सहल जिंजी."

नियम थोडे सैल केले. बायकांची नावं आली. भाडेकरू आले. खजिनदार तेवढे आले नाहीत. सर्वांत वडील म्हणून काकांनी डबा डोक्यावर धरला. आत काय आहे हे न कळणारं मूल हवं होतं. नातवाला इंग्रजी अक्षरं येतात, तमिळ येतात, मराठी वाचता येत नाही. त्याच्या आईवडिलांना एरवी याची लाज वाटते, आज प्रथमच त्याचा उपयोग झाला. त्याने चिठ्ठी काढली. रावांनी पाची बोटं ताणून तळहात पुढे केला, चिठ्ठी घेतली, मोबाइलच्या उजेडात धरली.

माझं नाव.

बायको म्हणाली, पुन्हा काढा. काका म्हणाले, कुंभ एकदाच फिरतो. खजिनदारांनी कमरेचा पाऊच सोडून माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे अशा मायेने पाहिलं की मला भीतीच वाटली. गाडी लांब उभी होती, अण्णा चहा घेत होते. कुणी हाक मारली तरी ऐकू जाईना. तेव्हा काका उठले, छाती भरून त्यांनी दोन्ही हात वर केले आणि दिवसभर गिळून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर काढलं, "वा! वा! वा!" गाडी आली. बरोबर दोन कुत्री आणि एक चणेवाला.

जिंजी झाली. राजगिरीवर काका सोडून सगळे चढले, काका खाली कल्याणमहालाजवळ बसून राहिले आणि वर न जाताच किल्ला देवगिरीपुढे काही नाही म्हणाले. गाडी तीच होती, एसी दुरुस्त झाला होता, सगळं बरं झालं. त्याला आता तीन महिने झाले. शेठ दर रविवारी फोन करतात. फोन उचलला की आधी काही बोलत नाहीत, नुसते थांबतात.

हिशेब तयारच आहे. फक्त एक बिल यायचंय.